मॅक पत्त्यापासून होस्टनेमपर्यंत: मधल्या साक्षींचा आढावा

इथरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीला १४ बाइट असतात. पहिले ६ बाइट म्हणजे जिथे पोचायचं तिथला पत्ता, पुढचे ६ पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि उरलेले २ आत काय भरलं आहे ते सांगणारे. नावाला यात जागाच ठेवलेली नाही. 'लॅब२-पीसी१७' किंवा 'ग्रंथालय-प्रिंटर' ही नावं माणसांनी आपल्या सोयीसाठी दिलेली. तारेवर दिसतो तो फक्त ४८ बिटांचा आकडा, ज्याला आपण मॅक पत्ता म्हणतो. पण नेटवर्क सांभाळणाऱ्याला रोज पडणारा प्रश्न नावाचाच असतो. स्विच सांगतो की अमुक पत्त्यावरून ब्रॉडकास्टचा पूर आला आहे. तो संगणक कोणता, कोणत्या खोलीतला, कोण वापरतं त्याला?

या प्रश्नाला चाळीसेक वर्षांत बरीच उत्तरं निघाली. काही फाइलींच्या रूपात, काही प्रोटोकॉलच्या, काही निव्वळ शिस्तीच्या. ती एकत्र मांडून पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. हार्डवेअर पत्ता आणि नाव यांची जोडी ही यंत्राच्या अंगात असलेली वस्तुस्थिती नसते. ती कुणीतरी, कोणत्या तरी वेळी दिलेली साक्ष असते. साक्ष कोणाची आणि केव्हाची हे सोडून नुसती जोडी उतरवून ठेवली की यादी जन्मतःच खोटी व्हायला लागते. या क्षेत्रातल्या बहुतेक चुका तिथूनच येतात, असं माझं मत आहे.

सुरुवात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाली. १९७३ साली बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली, तेव्हा पत्ता ८ बिटांचा होता. एका केबलवर अडीचशेच्या आसपास यंत्रं, आणि प्रत्येकाचा आकडा माणसानं ठरवलेला. एवढ्या लहान पसाऱ्यात आकडा आणि नाव यांचा मेळ ठेवणं अवघड नव्हतं. पण १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचं मानक जाहीर केलं तेव्हा पत्ता ४८ बिटांचा झाला होता. त्यामागचा विचार १९८१ च्या एका निबंधात सापडतो. तो लिहिला योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी. दलाल हे आयआयटी मुंबईचे पदवीधर. पुढे स्टॅनफर्डमध्ये असताना विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर १९७४ मध्ये टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक.

दलाल-प्रिंटिस यांचा मुद्दा असा होता की पत्ता केबलवरच्या जागेवरून ठरू नये. तो यंत्राला कारखान्यातच मिळावा, जगात दुसऱ्या कुणाला मिळू नये, आणि यंत्र कुठेही नेलं तरी बदलू नये. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी आकडे बसतात, तेव्हा उधळपट्टी परवडणारी होती. आकड्यांचे गट वाटायचं काम आधी झेरॉक्सकडे होतं, मग ते आयट्रिपलईकडे गेलं. पहिला गट, ज्याची सुरुवात ००-००-०० अशी होते, आजही झेरॉक्सच्याच नावावर आहे. पहिले २४ बिट कंपनीचे आणि उरलेले २४ त्या कंपनीच्या हातात, म्हणजे एका गटात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते.

या निबंधातली एक गोष्ट नंतर हातातून निसटली, आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत. तिथे हा आकडा होस्टचा होता, म्हणजे संपूर्ण यंत्राचा. पुढे पर्सनल कॉम्प्युटर आले, त्यात नेटवर्क कार्ड वेगळं विकत घेऊन बसवायची पद्धत पडली, आणि आकडा कार्डावरच्या चिपमध्ये जाऊन बसला. कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातलं की पत्ताही तिकडे जातो. सन मायक्रोसिस्टिम्सने मात्र बराच काळ जुनी कल्पना जपली. त्यांच्या यंत्रात ओळखीची एक स्वतंत्र मेमरी चिप असे आणि यंत्राला चार इंटरफेस असले तरी मुळात चारही जण तोच एक पत्ता वापरत. एकाच यंत्राच्या दोन तारा एकाच स्विचमध्ये घातल्या की यामुळे गोंधळ उडायचा, म्हणून ही सवय बदलण्याची सोयही त्यांना द्यावी लागली. पण 'हा पत्ता कोणत्या यंत्राचा' या प्रश्नाला सनच्या जगात एक सरळ उत्तर होतं. आज एका लॅपटॉपला वायफायचा एक पत्ता, तारेचा दुसरा, ब्लूटूथचा तिसरा. नाव मात्र एकच.

दोन पत्ते जुळवायची कटकटच नको, असा विचार करणारेही होते. नॉव्हेलच्या आयपीएक्समध्ये नेटवर्क पत्त्याच्या पोटातच ४८ बिटांचा मॅक पत्ता जसाच्या तसा असे. डिजिटलच्या डेकनेटच्या चौथ्या पिढीने नेमकं उलट केलं. तिथे आधी १६ बिटांचा नोड क्रमांक ठरायचा आणि यंत्र सुरू होताना कार्डाचा कारखान्यातला पत्ता बाजूला सारून एए-००-०४-०० यापुढे तो क्रमांक जोडून नवा पत्ता बसवायचं. मॅक पत्ता पाहिला की नोड कळला, नोडवरून नाव कळलं. सुबक योजना, पण ६३ विभाग आणि प्रत्येकात १०२३ नोड ही तिची मर्यादा होती, आणि इंटरनेटच्या आयपी पत्त्याला ३२ बिट लागत होते. ते त्या जागेत बसणारे नव्हते.

म्हणून आयपीच्या बाजूने जुळणी करणारा वेगळा प्रोटोकॉल आला. नोव्हेंबर १९८२ मध्ये एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ लिहिला (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे दस्तऐवज 'आरएफसी' या क्रमवार मालिकेत निघतात), तोच एआरपी. 'हा आयपी ज्याचा असेल त्याने आपला हार्डवेअर पत्ता सांगावा' अशी हाक सगळ्यांना जाते, ज्याचा असेल तो उत्तर देतो, ऐकणारा ते काही काळ लक्षात ठेवतो. दोन गोष्टी इथे नीट पाहायला हव्यात. एआरपीला नावाचा पत्ताच नाही. तो फक्त आयपी आणि मॅक ओळखतो. नावावरून आयपी काढायचं काम १९८३ पासून पॉल मोकापेट्रिस यांच्या डीएनएसकडे आहे, त्याआधी ते कॅलिफोर्नियातल्या एसआरआयमध्ये ठेवलेल्या एका होस्ट-यादीकडे होतं. म्हणजे या दोघांच्या जोरावर मॅकपासून नावापर्यंत जायचं तर मधे आयपीवर थांबावंच लागतं. आणि दुसरी गोष्ट, उत्तर देणारा खरं बोलतो की नाही हे तपासायची कुठलीही सोय एआरपीत नाही.

मॅकवरून थेट नाव काढण्याची सर्वांत स्वच्छ सोय सनच्याच यंत्रांवर झाली. ती गरजेतून झाली, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहावंसं वाटतं. ऐंशीच्या दशकात डिस्क महाग होती. सनने बिनडिस्कची वर्कस्टेशनं बाजारात आणली. त्यांची कार्यप्रणाली, फाइली, सगळं सर्व्हरवर. सुरू झाल्याझाल्या अशा यंत्राला स्वतःबद्दल एकच गोष्ट माहीत असायची, ती म्हणजे आपला इथरनेट पत्ता. तेव्हा ते केबलवर विचारायचं, 'हा माझा हार्डवेअर पत्ता, तर माझा आयपी कोणता?' हा रिव्हर्स एआरपी. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी तो आरएफसी ९०३ मध्ये मांडला. सर्व्हरवरचा प्रोग्राम उत्तरासाठी दोन फाइली उघडायचा. 'ईथर्स' नावाच्या फाइलीत हार्डवेअर पत्त्यासमोर होस्टनेम, आणि 'होस्ट्स' फाइलीत त्या होस्टनेमसमोर आयपी. आज आपण आयपी मधे धरून नावाकडे जातो. तिथे नावच मधला दुवा होतं. मग यंत्र टीएफटीपी या फाइल आणण्याच्या साध्या प्रोटोकॉलने आपली बूट फाइल मागायचं, जिचं नाव म्हणजे त्या यंत्राचाच आयपी, षोडशमान आकड्यांत लिहिलेला. आणि त्यानंतर 'बूटपॅराम्स' या सेवेला ते 'हू अ‍ॅम आय' नावाचा प्रश्न करायचं. उत्तरात त्याला स्वतःचं नाव मिळायचं.

या व्यवस्थेत साक्ष कोणाची होती ते स्पष्ट आहे. ईथर्स फाइल प्रशासकाने हाताने लिहिलेली असायची. कार्ड बदललं किंवा नवं यंत्र आलं की एक ओळ बदलायची. यंत्र स्वतःबद्दल काहीही दावा करत नव्हतं; नाव देणारा माणूस वेगळा आणि जबाबदार होता. अशा फाइली अनेक सर्व्हरवर सारख्या ठेवण्यासाठी सनच्या एनआयएसमध्ये त्यांचे नकाशे होते, एक पत्त्यावरून नाव शोधायला, दुसरा नावावरून पत्ता शोधायला. सी भाषेत यासाठी तयार फंक्शन्सही आली. ती आजच्या लिनक्स आणि बीएसडीमध्ये आहेत. कित्येक लिनक्स यंत्रांवर नावांचा शोध कुठे घ्यायचा ते सांगणाऱ्या फाइलीत 'ईथर्स'ची ओळ अजून दिसते. सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर कितीतरी घरगुती राउटरांमध्ये चालतो, आणि सांगितलं तर तोही ही फाइल वाचतो. तारेवरच्या चौकटी पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्येही त्याच नावाची आणि जवळपास त्याच मांडणीची फाइल ठेवता येते. मग पकडलेल्या चौकटींत आकड्यांऐवजी आपण दिलेली नावं उमटतात. ही सोय फार कमी लोक वापरतात. पंचवीस-तीस यंत्रांच्या जाळ्यात बिघाड शोधताना तिच्याइतकं उपयोगी काही नाही.

रिव्हर्स एआरपीची अडचण ही की त्याची हाक राउटर ओलांडत नाही. प्रत्येक केबलखंडावर एक सर्व्हर हवा. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांचा बूटपी आला आणि विनंती पुढे नेणाऱ्या मध्यस्थामुळे ती अडचण सुटली. १९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने डीएचसीपी आला. मार्च १९९७ चा आरएफसी २१३१ आजही पाया आहे. बूटपीपर्यंत यादी माणसाची होती. डीएचसीपीने पत्ता मुदतीवर, म्हणजे लीजवर, द्यायला सुरुवात केली आणि इथे साक्षीदार बदलला. यंत्र पत्ता मागताना आपलं नाव स्वतःच सांगू लागलं, १२ क्रमांकाच्या पर्यायातून. सर्व्हर ते नाव लीजच्या नोंदीत टिपतो आणि हवं तर डीएनएसमध्येही घालतो. सोय मोठी झाली. पण माझ्या लॅपटॉपने 'मी परीक्षा-विभागाचा सर्व्हर' असं सांगितलं तर?

या प्रश्नावर ऑक्टोबर २००६ मध्ये एक शहाणं उत्तर आलं, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. आरएफसी ४७०१ ने डीएनएसमध्ये डीएचसीआयडी नावाची नोंद आणली. यंत्राची ओळख आणि त्याचं पूर्ण नाव एकत्र करून त्यांचा एसएचए-२५६ सारांश काढायचा आणि तो नावाशेजारी ठेवायचा. पुढे दुसरं यंत्र तेच नाव मागायला आलं तर सारांश जुळत नाही आणि त्याला नकार मिळतो. नाव आणि हार्डवेअर यांची गाठ नोंदली जाते, पण पत्ता उघडा पडत नाही. अगदी अभेद्य नाही हे. ओळख म्हणून निव्वळ मॅक पत्ता वापरला असेल आणि कार्डाची कंपनी ठाऊक असेल, तर १ कोटी ६८ लाख शक्यता तपासणं आजच्या संगणकाला काही सेकंदांचं काम आहे. तरी दिशा बरोबर होती. याउलट ऑक्टोबर २०१३ च्या आरएफसी ७०४३ ने डीएनएसमध्ये मॅक पत्ता उघड लिहिण्यासाठी १०८ आणि १०९ क्रमांकाचे नोंदप्रकार दिले. त्यामागे कॅनडातल्या केबल इंटरनेटची गरज होती, जिथे तार एका कंपनीची आणि त्यावरून सेवा विकणारी कंपनी दुसरी असते आणि कोणता आयपी कोणत्या मोडेमकडे आहे हे तिला कळवावं लागतं. हे पत्ते सार्वजनिक डीएनएसमध्ये घालू नयेत असं त्या आरएफसीतच बजावलं आहे. ते अक्षरशः पाळावं. आतल्या जाळ्यातही मला त्याची निकड दिसत नाही.

डीएचसीपीबाबत आणखी एक सापळा आहे. सर्व्हर यंत्राला मॅकवरूनच ओळखतो असा समज आहे, तो अर्धाच खरा. यंत्राने स्वतःची वेगळी 'क्लायंट ओळख' पाठवली तर सर्व्हर तिला मान देतो. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर दोघांच्या ओळखी वेगळ्या पडतात आणि एका मॅकला दोन लीज दिसतात. उलट प्रकार आभासी यंत्रांत होतो. लिनक्सच्या काही अलीकडच्या आवृत्त्या ही ओळख यंत्राच्या 'मशीन-आयडी'वरून बनवतात. एका तयार प्रतिमेवरून दहा आभासी यंत्रं काढली आणि तो आयडी बदलायचा राहिला, तर दहा वेगळे मॅक पत्ते असूनही सर्व्हरला ती सगळी एकच वाटतात आणि एकाच आयपीवर भांडतात. मॅकची यादी कितीही नीट ठेवली तरी हे दिसत नाही, कारण बिघाड यादीच्या बाहेर आहे.

डॉक आणि यूएसबी अडॅप्टर यांनी तर कार्ड आणि यंत्र यांचं नातं पुरतं सैल केलं. बारीक लॅपटॉपला तारेचं पोर्टच नसतं. मग प्रयोगशाळेत एकच अडॅप्टर आळीपाळीने वीस लॅपटॉपना लावून त्यांच्यावर सॉफ्टवेअर चढवलं जातं आणि सर्व्हरच्या नोंदीत त्या एका पत्त्यासमोर वीस नावं येऊन जातात. लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय म्हणून डॉकला यंत्राचा स्वतःचा पत्ता धारण करायला लावणारी सोय दिली आहे. दलाल आणि प्रिंटिस जे म्हणत होते त्याच जागी हा उपाय परत येतो, पत्ता यंत्राचा असावा, तुकड्याचा नव्हे.

आता समजा, हातात फक्त मॅक पत्ता आहे आणि नाव शोधायचं आहे. पहिल्या तीन बाइटांवरून कंपनी पाहणं ही सगळ्यांची पहिली चाल. ती कार्ड बनवणाऱ्याचं नाव सांगते, यंत्राचं नाही. दुसऱ्याच कंपनीचा लॅपटॉप इंटेलचा म्हणून दिसेल आणि स्मार्ट बल्ब एस्प्रेसिफचा म्हणून. शिवाय आयट्रिपलई आता २८ आणि ३६ बिटांचे लहान गटही देते, तेव्हा केवळ २४ बिटांवर थांबलं तर भलतीच कंपनी हाती लागते. पुढची चाल राउटरच्या एआरपी तक्त्याची. तिथून आयपी मिळतो आणि आयपीवरून उलट्या डीएनएसने नाव. मात्र तक्त्यांचं आयुष्य निरनिराळं असतं. स्विच आपल्या पोर्टांचा तक्ता सर्वसाधारणपणे ३०० सेकंदांत विसरतो, सिस्कोच्या राउटरवर एआरपीची नोंद न बदलता ठेवली तर चार तास टिकते, लिनक्समध्ये नोंद अर्ध्या मिनिटाच्या आसपास शिळी होते. तीन ठिकाणचे तक्ते एकाच वेळी पाहिले तरी ते तीन वेगळ्या वेळांबद्दल बोलत असतात.

विंडोजच्या जाळ्यात नेटबायोसला विचारता येतं. तो एकाच उत्तरात यंत्राची नावं आणि मॅक पत्ता दोन्ही देतो, म्हणून कित्येक वर्षं हीच सर्वांत झटपट वाट होती. सांबा चालवणारं लिनक्स यंत्र मात्र पत्त्याच्या जागी सगळी शून्यं पाठवतं. ती शून्यं खरा पत्ता समजून यादीत घालणारी साधनं आहेत. अ‍ॅपलच्या बाँजूरमधून वाढलेला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ म्हणून मानक झालेला मल्टिकास्ट डीएनएस घरांत आणि कचेऱ्यांत सर्वत्र आहे. त्यात यंत्रं स्वतःहून '.लोकल' नावं जाहीर करतात. नाव आधीच घेतलेलं असेल तर मागे आकडा लावून मोकळी होतात. म्हणजे सकाळचं नाव दुपारी बदलू शकतं. स्विच, आयपी फोन आणि सर्व्हर यांच्यासाठी २००५ चं एलएलडीपी मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. दर ३० सेकंदांनी प्रत्येक उपकरण शेजाऱ्याला आपला पत्ता, पोर्ट आणि नाव एकाच संदेशात सांगतं, आयपीची मधली पायरी न घेता. तो संदेश शेजाऱ्याच्या पुढे जात नाही, त्यामुळे कोण कोणत्या पोर्टला लागला आहे याबद्दल शंका उरत नाही.

या सगळ्या साधनांत वेळेचं महत्त्व ज्याने ओळखलं ते लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतलं एआरपीवॉच. ते केबलवरच्या एआरपी हाका ऐकत राहतं, प्रत्येक जोडी कधी दिसली हे लिहून ठेवतं आणि जोडी बदलली की प्रशासकाला पत्र पाठवतं. नवं यंत्र आलं, पत्ता बदलला, दोन पत्ते आलटून पालटून दिसताहेत, अशी त्याची मोजकी पत्रं. सातबाऱ्यावर फक्त आजचं नाव असून भागत नाही, मागचे फेरफार दिसावे लागतात. एआरपीवॉचने नेटवर्कला तो फेरफार दिला.

आयपीव्ही६ ने चित्र दोनदा बदललं. सुरुवातीच्या रचनेत यंत्र आपला मॅक पत्ता मधोमध चिरून त्यात एफएफएफई घालायचं, एक बिट उलटवायचं आणि तेच आपल्या आयपीचे शेवटचे ६४ बिट म्हणून वापरायचं. आयपी पाहिला की मॅक वाचता यायचा, तोही जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरून. धोका लवकरच लक्षात आला. जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०४१ ने तात्पुरते पत्ते आणले आणि २०१४ च्या आरएफसी ७२१७ ने स्थिर पण मॅकशी संबंध नसलेले. आज एका यंत्राला एका वेळी चार-पाच आयपीव्ही६ पत्ते असतात आणि त्यांतले काही रोज बदलतात. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ कडून पत्ता घेत नाहीत, तेव्हा लीजची नोंदच होत नाही. राउटरचा शेजारी-तक्ता दर काही मिनिटांनी वाचून साठवत राहणं हाच तिथे कामाचा मार्ग आहे. डिसेंबर २०२४ च्या आरएफसी ९६८६ ने यंत्राने स्वतः बनवलेला पत्ता सर्व्हरला कळवावा अशी पद्धत दिली आहे. ती सर्वत्र पोचायला वेळ लागेल.

आणि मग मॅक पत्ताच अस्थिर झाला. दुकानं आणि मॉल येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे वायफाय पत्ते टिपून माणसांचा माग काढू लागले होते. २०१४ च्या आयओएस ८ ने नेटवर्क शोधताना खोटे पत्ते वापरायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने आणि २०२० च्या आयओएस १४ ने जोडल्यानंतरही प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता ही मूळ सवयच करून टाकली. असे पत्ते ओळखता येतात. दुसरा षोडशमान अंक २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही. आभासी यंत्रांचे काही पत्तेही याच गटात येतात, हे मात्र ध्यानात ठेवावं. नेटवर्क चालवणाऱ्यांनी या बदलावर बरीच कुरकुर केली. मला फोन बनवणाऱ्यांची बाजू बरोबर वाटते. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा माग काढता येऊ नये हा हक्क आपल्या यादीच्या सोयीपेक्षा मोठा आहे.

खरं तर पत्त्यापेक्षा नावच जास्त चुगली करतं. मार्च २०१७ च्या आरएफसी ८११७ ने हे स्पष्ट मांडलं. यंत्र जोडताना आपलं होस्टनेम डीएचसीपीत, मल्टिकास्टमध्ये, नेटबायोसमध्ये सांगत सुटतं, आणि त्या नावात बहुधा मालकाचं नाव असतं. पत्ता रोज बदलला आणि नाव तेच राहिलं तर बदलून काय साधलं? दोन्ही एकत्र सांभाळावे लागतात हे आणखी एका प्रकरणात दिसलं. आयओएसमधला खासगी पत्ता सुरू असतानाही, आसपासची उपकरणं शोधण्यासाठी ५३५३ या पोर्टवर जाणाऱ्या संदेशाच्या पोटात खरा मॅक पत्ता जात होता. संशोधकांनी तो दाखवून दिला आणि ऑक्टोबर २०२३ च्या १७.१ या आवृत्तीत तो दोष काढला गेला. पत्ता लपवणारी सोय उपकरणं शोधणाऱ्या सोयीने तीन वर्षं उघडी पाडली होती.

तेव्हा मॅक पत्त्याच्या यादीवर प्रवेश देणं, म्हणजे मॅक फिल्टरिंग, ही सुरक्षा म्हणून सोडून द्यायला हवी. पत्ता एका आज्ञेत बदलता येतो आणि हवेतून ऐकून उचलताही येतो. यंत्राची खात्री हवी असेल तर ८०२.१एक्स आणि प्रमाणपत्र. तिथे नाव गुप्त किल्लीला बांधलेलं असतं आणि पत्ता फक्त त्या सत्रापुरता सोबत नोंदला जातो. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची बायोमेट्रिक यंत्रं यांतल्या बऱ्याच उपकरणांना हे जमत नाही. त्यांना मॅकवर सोडावं लागतं, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये आणि कमीत कमी परवानग्या देऊन.

संस्थेच्या मालकीच्या स्थिर यंत्रांसाठी मात्र जुनी ईथर्स फाइलच नव्या रूपात ठेवावी. आपल्या महाविद्यालयांत डेडस्टॉक रजिस्टर असतंच. त्यात अनुक्रमांक असतो, खरेदीची तारीख असते, खोली असते. त्याच्या संगणकीय प्रतीत प्रत्येक इंटरफेसचा मॅक पत्ता आणि होस्टनेम हे दोन रकाने वाढवले आणि डीएचसीपीची आरक्षणं व डीएनएसच्या नोंदी त्यातूनच यंत्राने तयार करून घेतल्या, तर साक्ष पुन्हा जबाबदार माणसाकडे येते. नेटबॉक्ससारखी मुक्त साधनं हेच करतात. कोणी डीएनएस हाताने बदलायचा नाही एवढी शिस्त मात्र हवी. आयएससीचा जुना डीएचसीपी सर्व्हर २०२२ च्या अखेरीपासून सांभाळला जात नाही. जे अजून त्यावर आहेत त्यांनी आयएससीच्याच केआ या नव्या सर्व्हरकडे जाताना हे काम उरकून घ्यावं.

माणसांच्या स्वतःच्या फोन-लॅपटॉपसाठी यादी करण्यात अर्थ नाही. तिथे फक्त वेळेसकट नोंद ठेवता येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना सर्व प्रणालींचे लॉग १८० दिवस भारतात ठेवायला सांगितलं आहे, आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवायलाही. दुसरी अट अनेकांना औपचारिक वाटते. वसतिगृहाच्या वायफायवरून काही गैर घडलं आणि बाहेरून सार्वजनिक आयपी, पोर्ट आणि वेळ विचारणारं पत्र आलं, तर उत्तर शोधताना नॅटच्या नोंदीतून आतला आयपी, लीजमधून मॅक पत्ता, आणि लॉगिनच्या नोंदीतून माणूस असा प्रवास करावा लागतो. तीन नोंदी, तीन यंत्रं, तीन घड्याळं. लीज अर्ध्या तासाची असेल, पत्त्यांचा साठा तोकडा असेल आणि डीएचसीपी सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल, तर तो आयपी त्या क्षणी ज्याच्याकडे नव्हताच अशा विद्यार्थ्याचं नाव अहवालात जाऊ शकतं. हे टाळायला महागडं काही लागत नाही. प्रत्येक सर्व्हरवर घड्याळ जुळवणारा एनटीपी चालू असणं, आणि दर महिन्याला एका ओळखीच्या यंत्राचा माग तिन्ही नोंदींतून काढून तो बरोबर त्याच यंत्रापाशी पोचतो का ते पाहणं, एवढं पुरतं.